फीनं खाल्लेले अठराशे पाआंगा

समजा, तुमच्यासमोर एक फाइल उघडी आहे. एका माणसानं वर्षभरात पाठवलेल्या बिटकॉइनचे सगळे व्यवहार तिच्यात आहेत. ब्लॉकचेनमधून ती एक्सपोर्ट करून घेतली आहे, म्हणजे साऱ्या जगाच्या त्या सामाईक नोंदींतून आपल्यापुरत्या ओळी वेगळ्या काढल्या आहेत. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे, की दर वेळी पैसे पाठवायला फी किती पडली. तुम्ही रकाने बघत जाता. तारीख आहे, पत्ते आहेत, लांबलचक आकडे आहेत. फीचा रकाना मात्र नाही.

मूळ व्यवहारात तो नसतोच. घातले किती आणि बाहेर पडले किती, यांतला फरक म्हणजे फी. आणि घातले किती तेही सरळ लिहिलेलं नसतं. 'अमुक जुन्या व्यवहारातून निघालेला अमुक तुकडा इथे घातला' एवढीच नोंद असते. मग तुम्ही तो जुना व्यवहार शोधायचा, तुकड्याची किंमत तिथून आणायची, असे सगळे तुकडे जोडायचे आणि वजाबाकी करायची. वजाबाकी पाचवीतल्या मुलाला जमेल अशीच आहे. भर समुद्रातल्या आमच्या बेटावर, नेइआफूच्या धक्क्यावर माल मोजणाऱ्या पिसिलानं ती केली, आकडा न आकडा बरोबर केली, आणि तरी तिचं उत्तर चुकलं.

पिसिला पन्नाशीच्या पुढची. राजधानीहून निघालेली बोट वाटेत हाआपाई बेटांवर थांबून आमच्या धक्क्याला लागते, तेव्हा हातात पाटी धरून उभी असते ती हीच. सिमेंटच्या गोण्या, पिठाची पोती, गॅसच्या टाक्या, कुणाचं तरी नवं कपाट. चढलं किती, उतरलं किती, मधलं गेलं कुठे, हा तिचा रोजचा प्रश्न. बोटीवरचे खलाशी तिला घाबरतात. एकदा एक जण म्हणाला होता, "बाई, एकच पिठाचं पोतं तर कमी आहे. समुद्राला पण भूक लागते." पिसिला म्हणाली, "समुद्राला चपला नसतात. तुझ्या चपलांना पीठ लागलंय."

धक्क्याजवळच्या केंद्रात मी संगणकाचे वर्ग घेते. तिथे ती हौसेनं आली आणि टिकली. गावातल्या बायकांच्या फोनवर पैसे येतात ते कसे येतात, हे समजून घ्यायचं होतं तिला. आमच्याकडे बहुतेक घरातलं कुणी ना कुणी ऑकलंड, ब्रिस्बेन, सिडनीला असतं. एजंटाकडून पैसे पाठवले की शंभरामागे आठ-नऊ पाआंगा, आमच्या देशाच्या चलनातले, तोच ठेवून घेतो. म्हणून चर्चमध्ये एकत्र चटया विणणाऱ्या बायकांपैकी तिघी-चौघींच्या मुलांनी बिटकॉइननं पाठवायला सुरुवात केली होती. त्यांतला एक पेनिसिमानी, पिसिलाच्या भावाचा मुलगा. भाऊ मानासे वारला तेव्हा पेनिसिमानी शाळेत होता. आता तो न्यूझीलंडमध्ये, पुकेकोहेला कांद्याच्या गोदामात काम करतो. घरी त्याची आई एलेनोआ एकटी.

गोष्ट सुरू झाली मिसिनालेच्या रविवारी. वर्षातून एकदा चर्चमध्ये घराघराचं नाव पुकारतात, घरचा माणूस उठून पैसे ठेवतो आणि आकडा मोठ्यानं वाचला जातो. एलेनोआनं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की यंदा पेनिसिमानी अडीच हजार पाठवतोय. फोनवर तो तसं म्हणाला होता. प्रत्यक्षात आले सोळाशे. आकडा वाचला गेला तेव्हा मागच्या बाकांवर माना एकमेकींकडे वळल्या. एलेनोआ जागेवर येऊन बसली आणि पुढची गाणी ती म्हणालीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती पिसिलाकडे आली. भावाच्या घरात बहिणीचा मान सगळ्यांत वरचा, त्यामुळे एलेनोआ तिच्यासमोर खुर्चीवर बसत नाही. दारातल्या चटईवरच बसली.

"वन्सं, ते पैसे फीत गेले असणार. पेनिसिमानी खोटं बोलायचा नाही. तुम्ही ते काढता ना संगणकातून? मला फक्त आकडा द्या. फी एवढी पडली, असं सांगता येईल."

"त्याला विचारलंस का?"

"विचारलं. म्हणतो, आई, आले तेवढे आले."

पिसिलानं केंद्रात येऊन फाइल मागवली. एक्सपोर्ट करताना प्रश्न येतो, की कुठल्या पत्त्यांच्या ओळी हव्यात. तिनं एलेनोआच्या फोनवरचा पत्ता घातला आणि 'फक्त या पत्त्यावर आलेलं' यावर खूण केली. धक्क्यावर ती वीस वर्षं हेच करत आली होती. बोटीची यादी हातात आली की आधी हाआपाईच्या ओळींवर काट मारायची. आपल्या बेटावर उतरतं तेवढंच आपलं. मग तिनं पेनिसिमानीनं घातलेले तुकडे एकेक करून शोधले, त्यांची किंमत आणली, बेरीज केली. त्या दिवशीच्या दरानं चौतीसशे पाआंगा भरले. आईकडे पोचले सोळाशे. वजाबाकी अठराशे.

"एवढी फी?" मी म्हटलं.

"घातले तेवढे दिसतायत, उतरले तेवढे दिसतायत," ती म्हणाली. "मग मधलं गेलं कुठे?"

खरं तर मीही तिथे थांबायला हवं होतं. पण वर्गात पंधरा जण होते आणि मी दुसऱ्या कुणाच्या तरी बिघडलेल्या माउसकडे वळले.

मंगळवारी बायका चर्चच्या दालनात विणायला बसतात. केवड्याच्या वाळलेल्या पाती, लांबच्या लांब चटई, दोन्ही बाजूंनी बायका. पिसिलानं तिथे उभं राहून आकडा सांगितला. पेनिसिमानीनं चौतीसशे भरले होते, म्हणजे कबूल केलं त्याहूनही जास्त. अठराशे फीनं खाल्ले.

"अठराशे!" सेइनी ओरडली. तिची मुलगी ब्रिस्बेनला नर्स आहे आणि सेइनीला कुठलीही गोष्ट हळू बोलता येत नाही. "ही फी आहे की दरोडा? माझ्या मुलीला आजच सांगते, पुन्हा एजंटाकडे जा म्हणून. तो निदान तोंड दाखवून लुटतो."

एलेनोआ पात ओढत राहिली, पण पाठ ताठ झाली होती. समोरच्या दोघींनी तिला जागा करून दिली आणि दुपारच्या चहाबरोबरच्या पुड्यातलं पहिलं बिस्किट तिच्यापुढे आलं. मिसिनालेच्या आकड्यांत तिचं घर अकरावं होतं. त्या दुपारपुरतं ते पहिल्या दोनांत गेलं.

तेवढ्यावर हे संपलं असतं. पण बायकांची प्रमुख मेलेआने हिनं पिसिलाला सांगितलं, "एकाच वेळचं नको. वर्षभरात दर वेळी किती फी पडली ते कागदावर मांड आणि इथे भिंतीला लाव. म्हणजे ज्या अजून तसे पैसे घेतात त्यांना कळू दे."

म्हणून पिसिला पुन्हा फाइल घेऊन बसली. या वेळी वर्षभरातले सगळे व्यवहार, खूण मात्र तीच. आणि मार्च महिन्याच्या ओळीशी तिचा हात अडला. त्या वेळी पेनिसिमानीनं आईला दोनशे पाआंगा पाठवले होते. फी निघाली एकवीसशे.

"दोनशे पाठवायला एकवीसशे कोण देतं?" तिनं मला हाक मारून विचारलं.

मी तिला सांगितलं, की फी रकमेवर नसतेच. व्यवहार लिहायला जागा किती लागली आणि त्या वेळी गर्दी किती होती, यावर असते. दोनशे पाठवा की दोन लाख, तुकडे तेवढेच असले तर फी सारखीच.

"हे तू मला मागच्या आठवड्यात का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

"तू मास्तर आहेस. न विचारता सांगायचं काम तुझं," ती म्हणाली. रागानं नव्हे. ती तोवर पुढच्या ओळीकडे बघत होती. एप्रिलमध्ये पेनिसिमानीनं दोन तुकडे घातले होते. त्यांतला एक तुकडा एकवीसशेचा. पाआंगात नव्हे, बिटकॉइनमध्ये बघितलं तर दशांशचिन्हापुढचे आकडे जवळजवळ अगदी शेवटपर्यंत तेच. शेवटच्या तीन-चार आकड्यांत काय ती कसर.

पिसिलानं चष्मा काढला. "समुद्रात पडलेलं पोतं," ती म्हणाली, "पुढच्या बोटीनं परत येत नाही."

मग तिनं खूण काढून टाकली आणि फाइल नव्यानं मागवली. कुठल्याही पत्त्यावर गेलेलं असो, बाहेर पडलेली प्रत्येक ओळ. आता प्रत्येक व्यवहारात दोन ओळी होत्या. एक आईच्या पत्त्यावर, दुसरी कुठल्या तरी अनोळखी पत्त्यावर. आणि दर वेळी तो अनोळखी पत्ता वेगळा.

तिचा चेहरा उतरला. मी बघत होते. तिच्या मनात काय आलं ते मला तेव्हाच कळलं, कारण गावात ते कुणाच्याही मनात पहिल्यांदा आलं असतं. परदेशात गेलेल्या मुलाचे पैसे आईकडे कमी आणि दुसरीकडे जास्त जातात, तर त्या दुसरीकडे कुणी तरी बाई असते.

"दर वेळी वेगळा पत्ता," ती हळूच म्हणाली. "एवढ्या जणी तर नसतील?"

मी हसले, पण ती हसत नव्हती. मी तिला सांगितलं, की तुकडा अख्खाच घालावा लागतो, नोट फाडून अर्धी देता येत नाही तसा. आईला द्यायचे तेवढे वेगळे होतात आणि उरलेले सुट्टे पाठवणाऱ्याला परत येतात. त्याच्या फोनमधलं पाकीट त्या सुट्ट्यांसाठी दर वेळी नवा पत्ता तयार करतं. त्यात विशेष काही नाही.

"पण ते त्याचेच कशावरून? परत आले असं कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं. ब्लॉकचेनवर नावं नसतात. मग तिनंच मार्ग काढला. मार्चमधले सुट्टे एप्रिलमध्ये घातलेल्या तुकड्यांत होते. एप्रिलमधले मे महिन्यात. ती एकेक ओळ घेऊन पुढच्या व्यवहारात शोधत गेली, आणि मिसिनालेच्या वेळचा शेवटचा तुकडा सोडला तर सगळे सुट्टे पुढच्या खेपेला पेनिसिमानीच्याच हातून आईकडे निघालेले सापडले. दुसऱ्या कुणाला दिले असते तर ते त्याच्याकडून परत कसे निघाले असते? मग शेवटचा तुकडाही त्याचाच.

खरी फी आता समोर होती. दोन्ही ओळी धरून वजाबाकी केली की दर वेळी दोन पाआंगांच्या आसपास, एकदाच पाच.

चूक कुठे झाली तेही तिला दिसलं, आणि ते तिनं स्वतःच मला समजावून सांगितलं. बोटीवर प्रत्येक पोत्यावर चढतानाच बेटाचं नाव असतं. हाआपाईच्या ओळी काटल्या तर त्या चढलेल्यांतूनही जातात आणि उतरलेल्यांतूनही. इथे घातलेल्या तुकड्यांवर कुणाचंच नाव नसतं. तिनं उतरलेल्यांपैकी दुसऱ्या बेटाचं काढून टाकलं, चढलेलं मात्र सगळं ठेवलं. मग राहिलेल्याला ती फी म्हणाली.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"वहिनीकडे जाणार," ती म्हणाली.

पुढचं मला तिच्याकडूनच कळलं. एलेनोआ मागच्या अंगणात अळूच्या पानांत डब्यातलं मांस आणि नारळाचं दूध बांधत होती. पिसिला आली तशी ती उठू लागली. पिसिलानं तिला बसवलं आणि स्वतः तिच्याशेजारी जमिनीवर बसली. त्या घरात ती आजवर अशी बसली नव्हती. एलेनोआ तेवढ्यानंच घाबरली.

"वहिनी, फीनं काही खाल्लं नाही. दोन पाआंगा गेले, बस."

"मग अठराशे कुणी खाल्ले?"

"कुणीच नाही. त्याच्याकडे आहेत."

एलेनोआनं हातातलं पान दुमडलं, उलगडलं, पुन्हा दुमडलं. "म्हणजे चौतीसशे होते त्याच्याजवळ. अडीच हजार म्हणाला, आणि सोळाशे पाठवले."

"हो."

"तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, वन्सं. फीनं खाल्ले म्हणून. तुमच्या शब्दाला कुणी नाही म्हणत नाही. राहू द्या ना तसंच."

"सेइनीच्या मुलीनं पुन्हा एजंट धरलाय. आणखी दोघींनी धरलाय. दर वेळी तो कापून घेतो, आणि ते माझ्या चुकीमुळे."

"सेइनीची मुलगी नर्स आहे, तिला परवडतं!" एलेनोआचा आवाज चढला. "माझ्या मुलाला लोक काय म्हणतील? देवाच्या नावानं कबूल केलं आणि मागे ठेवलं. मानासेचं नाव आहे ते. तुमच्या भावाचं."

"माहीत आहे मला कुणाचं नाव आहे ते."

एलेनोआनं सगळी पानं बांधून संपवली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तो तिथे उपाशी राहून पाठवतो. व्हिडिओवर गालफडं बसलेली दिसायची त्याची. मी रोज रात्री तेच मनात घेऊन झोपते." तिनं हात पुसले. "अठराशे आहेत म्हणजे जेवत असेल."

"जेवत असणारच."

"तरी उद्या सांगू नका, वन्सं."

पिसिलानं होही म्हटलं नाही आणि नाहीही.

मंगळवारी मी मुद्दाम दालनात गेले. पिसिला भिंतीला कागद लावत होती, तोच सेइनीनं वाचायला सुरुवात केली. "दोन पाआंगा, दोन पाआंगा, पाच पाआंगा... अगं, आणि ते अठराशे?"

"माझा हिशेब चुकला होता," पिसिला म्हणाली. "मी बाहेर गेलेल्या दोन ओळींतली एकच धरली. फी एवढीच पडते. एजंटापेक्षा कमी. ज्यांनी माझ्या बोलण्यावरून मुलांना थांबवलं त्यांनी पुन्हा सुरू करा."

"ते ठीक आहे गं. पण दुसरी ओळ कुणाची?"

विणणारे हात थांबले. पिसिलानं तोंड उघडलं, पण आवाज आला तो चटईच्या दुसऱ्या टोकाकडून.

"माझ्या मुलाची," एलेनोआ म्हणाली. ती खाली बघूनच बोलत होती. "त्याचे सुट्टे. दुकानात नोट दिलीस की तू सुट्टे परत घेत नाहीस का, सेइनी?"

"घेते की. पण अठराशेचे सुट्टे देणारं दुकान कुठे आहे ते मला पण सांग!"

दोघी-तिघी फिसकन हसल्या. एलेनोआचे कान लाल झाले. तेव्हा म्हातारी मेलेआने म्हणाली, "पिसिला, तुझं ते यंत्र नर्सबाईंची पण ओळ काढतं का गं? सेइनीच्या मुलीची काढ की. तिचे सुट्टे किती निघतात ते बघू. आणि मग माझ्या नातवाची काढ. मग सगळ्यांचीच काढू, भिंत मोठी आहे."

सेइनीनं पात उचलली. "कशाला उगाच," ती म्हणाली. "फी कळली ना, झालं."

"माझी पण नको," कुणी तरी म्हणालं.

"माझ्या नवऱ्याची काढा," आणखी एक जण म्हणाली, "पण मला एकटीलाच दाखवा." या वेळी सगळ्या हसल्या, एलेनोआ सोडून.

म्हणून सगळं गोड झालं असं नाही. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर दोन बायका एलेनोआ आल्यावर बोलायच्या थांबल्या, ते मी पाहिलं. पुढच्या वर्षी पेनिसिमानी किती पाठवणार, असं कुणी तिला विचारत नाही. सेइनीच्या मुलीनं मात्र एजंट सोडला, आणि सेइनीनं ते पिसिलाला स्वतः येऊन सांगितलं, सोबत दोन पपया घेऊन.

पिसिला अजून मधूनमधून केंद्रात येते. बायकांच्या फीचा कागद दर महिन्याला नवा करते, दोन्ही ओळी धरून. काम संपलं तरी लगेच उठत नाही. मिसिनालेच्या वेळचा तो सुट्टा तुकडा, अठराशेला दोन पाआंगा कमी, ती एकदा उघडून बघते. त्यानंतर पेनिसिमानीनं आईला दोनदा पैसे पाठवले, पण ते नव्या मजुरीतून. आधीचे सगळे सुट्टे पुढच्या खेपेला निघाले होते. हा एक तुकडा त्यानं तिथेच ठेवला आहे. हातसुद्धा लावलेला नाही.

"विचार ना त्याला सरळ," मी एकदा म्हटलं.

"मी त्याची आत्या आहे," ती म्हणाली. मी विसरले होते. आमच्याकडे आत्यानं भाच्याच्या एखाद्या वस्तूबद्दल नुसतं विचारलं, तरी ते मागणंच असतं, आणि आत्याला नाही म्हणता येत नाही. "मी फोन केला की संध्याकाळपर्यंत अठराशे इथे येतील. मग ते कशासाठी होते हे मला कधीच कळायचं नाही."

"एलेनोआ विचारेल."

"तिचंही तेच म्हणणं आहे. आईनं विचारलं तरी तो पाठवून देईल."

तिनं फाइल बंद केली नाही. पडद्यावर ती ओळ तशीच होती. पत्ता, तारीख, रक्कम, आणि पुढे कुठे खर्च झाला त्या रकान्यात काहीच नाही.

"घराचं तिकीट असेल," मी म्हटलं.

"तिकीट एवढ्यात येतं. मग काढलं का नाही?"

"लग्न?"

"लग्नाला आत्याला आधी विचारतात." ती थोडी हसली, मग हसू गेलं. "भीती वाटत असेल का त्याला कशाची? आजारी आहे का? की नुसतं वाटलं असेल, एवढं तरी आपलं असावं?"

तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"कुणाला विचारू मी," ती म्हणाली, "की तो ते कशासाठी ठेवून आहे?"